मावशीला काय द्यायचं?

पत्र थोडक्यात असं. लेखिका २८ वर्षांची, एका खासगी रुग्णालयात नर्स. सातव्या वर्षापासून अठरा पूर्ण होईपर्यंत ती मराठवाड्यातल्या एका मुलींच्या बालगृहात वाढली. तिथल्या काळजीवाहक बाईंना सगळ्याजणी मावशी म्हणतात. मावशींचं वय ५८, नोकरी २४ वर्षांची, पगार साडेनऊ हजार, राहणं संस्थेतच. गुडघे गेले आहेत, म्हणून मार्चअखेर संस्था त्यांना निरोप देणार. मग त्या जालन्याजवळच्या गावी भावाकडे जातील. माजी मुलींनी मिळून ६२ हजार रुपये जमवले आहेत. कुणाला वाटतं सोन्याची अंगठी करावी, कुणाला वाटतं रोख द्यावेत. विश्वस्तांचं म्हणणं, सत्कार वर्धापनदिनीच करू, देणगीदार असतील, पत्रकार येतील, आत्ताच्या चार मुली आणि तुमच्यातल्या दोघी बोला. पण माजी मुलींपैकी एकीनं आपण बालगृहात वाढलो हे सासरी सांगितलेलं नाही. पगाराचा विषय एकदा निघाला तेव्हा एक विश्वस्त म्हणाले, ‘त्या आई आहेत या पोरींच्या. आईला कुणी पगार विचारतं का?’ आणि मावशींना विचारावं तर, ‘मला काही नको गं, तुम्ही सुखात राहा.’

पत्रातली एक आठवण मात्र लेखिकेच्याच शब्दांत देते: ‘रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या आम्ही सहा-सातजणी होतो. मावशी पहाटे चारला उठून आमच्या चादरी बदलायची, धुऊन मागच्या दोरीवर टाकायची. प्रार्थनेला बसेपर्यंत कुणाला काही कळलेलं नसायचं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी पेशंटला न उठवता चादर बदलायला शिकवलं, तेव्हा मला ते आधीच येत होतं. तिचे उपकार फिटणार नाहीत, पण थोडे तरी फेडायचे आहेत. कसे? आणि मला अहोजाहो करू नका, तू म्हणा.’

*

बरं, तू म्हणते.

चादरीपासूनच सुरुवात करू, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तू तिथेच लिहून ठेवलं आहेस. मावशी चारला उठायची, हे तू माया म्हणून सांगितलंस. माया आहेच. पण घटकाभर नर्स म्हणून त्याकडे बघ. चाळीस मुलींत नेमक्या कोणत्या सहाजणी हे लक्षात ठेवायचं. दिवा लावायचा नाही. अंगाखालची चादर काढताना पोरीला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायचं, पण जाग येऊ द्यायची नाही. आणि सकाळी शब्दानं तर नाहीच, नजरेनंही जाणवू द्यायचं नाही. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला रागावू नका, चारचौघांत बोलू नका, असं बालरोगतज्ज्ञ शिकल्यासवरल्या आईबापांना पुन्हापुन्हा सांगतात, तरी घरोघरी बोललं जातंच. मावशीनं हे चोवीस वर्षं पाळलं. हे कसब आहे. तुझ्या वॉर्डात अशी एखादी सिस्टर असती तर तू तिच्यापुढे नुसते हात जोडून थांबली नसतीस. तिच्या हाताखाली शिकली असतीस, आणि पगारवाढीची वेळ आली की मेट्रनकडे तिचं नाव घेतलं असतंस.

विश्वस्तांचं ते वाक्य मला म्हणूनच खटकलं. तुम्ही मुलींनी तिला आई मानलंत, तो तुमचा हक्क आहे आणि ते नातं खरं आहे. पण पगार देणाऱ्यानं ‘ती तर आईच’ म्हटलं की त्याचा अर्थ बदलतो. मग आईला साप्ताहिक सुट्टी नसते, आईची रात्रपाळी मोजायची नसते, आईला बदली बाई लागत नाही. आणि हेच खरं असेल, तर आईला कुणी ५८ व्या वर्षी मार्चअखेर घरातून निरोप देतं का? मी विश्वस्तांना दुष्ट म्हणत नाही. अनुदान महिनोन्महिने अडकतं, किराणावाल्याकडे उधारी वाढत जाते, आणि अशा वेळी हीच माणसं स्वतःच्या खिशातून गहू भरतात, हे मी जवळून पाहिलं आहे. पण चांगल्या माणसांच्या हातूनही सवयीनं अन्याय होतो, आणि तो गोड शब्दांत झाला की बोलताही येत नाही.

आता ‘उपकार’ या शब्दाबद्दल. तू बालगृहात होतीस ती कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे. ज्या मुलाला सांभाळणारं कुणी नाही, त्याची काळजी घेणं ही कायद्यानं शासनाची आणि समाजाची जबाबदारी आहे. बालकल्याण समिती मुलाला बालगृहात पाठवते ती याच जबाबदारीपोटी. म्हणजे तुला सांभाळणं हे आम्हा सगळ्यांचं देणं होतं. ते आमच्या वतीनं मावशीनं चुकवलं, साडेनऊ हजारांत. मग तिचं देणं फेडायचं कुणी? एकट्या तुम्ही माजी मुलींनी? तुमच्या मनातलं तिच्याबद्दलचं जे आहे ते ऋण न समजता प्रेम समजा, म्हणजे ६२ हजार पुरेत की अपुरे हा घोर लागणार नाही. आणि संस्थेचं जे देणं आहे ते संस्थेकडून यायला हवं. तुमच्या पैशांनी ते झाकलं जाऊ नये.

यातलं पहिलं म्हणजे ग्रॅच्युइटी. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत, पाच वर्षं सलग नोकरी झालेल्या माणसाला नोकरी सुटताना प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा हिशेब १९७२ च्या कायद्यापासून चालत आला आहे. शेवटचा महिन्याचा पगार, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मावशीचे साडेनऊ हजार सगळे त्यात धरले, तर २४ वर्षांचे साधारण १ लाख ३१ हजार रुपये होतात. तुमच्या वर्गणीच्या दुप्पट! तिच्याकडे नेमणुकीचं पत्र आहे का, हजेरीपटावर किती सालापासून नाव आहे, पगार बँकेत येतो की हातात, हे आधी बघ. ‘आमची धर्मादाय संस्था आहे, आम्हाला हे लागू नाही’ असं कुणी म्हणालं तर तेवढ्यावर परत फिरू नका. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन विचारा.

एक मात्र सांभाळ. हे तिला विचारूनच कर. तिला त्या माणसांशी भांडायचं आहे का, हे तिनं ठरवायचं. चोवीस वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याविरुद्ध आपल्या नावानं अर्ज गेलेला तिला सहन होणार नाही, आणि आपल्या रागापायी तिचा शेवटचा महिना कडू व्हायला नको. माझा अनुभव असा की माजी मुलींनी चौघी-पाचजणी मिळून, आकडा कागदावर मांडून, ‘दादा, मावशींचं हे तेवढं करून द्या, हप्त्यानं द्या हवं तर’ असं म्हटलं की बऱ्याचदा वाट निघते. ज्या मुली संस्थेच्या अहवालात यशोगाथा म्हणून छापल्या जातात, त्यांचा शब्द सहज डावलता येत नाही. तुमची ही ताकद तुमच्या लक्षात आलेली नाही.

‘मला काही नको गं’ हे तू तिचं उत्तर म्हणून घेतलं आहेस. मी घेणार नाही. आपल्याकडे पाहुणासुद्धा दुसऱ्या पोळीला तीनदा नको म्हणतो, आणि ही तर आयुष्यभर सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल ते खाणारी बाई. तिला ‘काय हवं?’ असं विचारून काही निघायचं नाही. त्यापेक्षा एक दिवस तिच्याजवळ जाऊन बस आणि बघ. खोलीत काय आहे, काय नाही. औषधाची पट्टी कुठवर आली आहे. रेशनकार्डावर नाव आहे का, कुठल्या पत्त्यावर? संस्थेत राहणाऱ्या बायकांचं हे हमखास राहून गेलेलं असतं. आधारवर संस्थेचा पत्ता, गावच्या कार्डावरून नाव कधीच कमी झालेलं, आणि निवृत्तीनंतर पहिलं वर्ष तहसीलच्या खेपांत जातं. बँकेत वारस म्हणून कुणाचं नाव आहे? पासबुक कुणाजवळ असतं? गुडघ्यांचा एक्स-रे शेवटचा कधी काढला? तू नर्स आहेस, तुझ्यापेक्षा हे कोण चांगलं विचारेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तिच्या गुडघ्यांचं काही बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारून ये, आणि तिला एकटीला न पाठवता सोबत जा. ही खेप मला अंगठीपेक्षा मोठी वाटते.

मी काही वर्षं दर शनिवारी एका बालगृहात मुलांशी बोलायला जात असे. तिथल्या काळजीवाहक बाईंचा थाटात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि काचेच्या चौकटीत बसवलेलं भलंमोठं मानपत्र. पुढच्या शनिवारी गेले तर ते धान्याच्या कोठीत, गव्हाच्या पोत्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेलं. मी विचारलं, लावलं नाहीत? त्या म्हणाल्या, ‘कुठं लावू ताई, मी इथंच झोपते.’ कोठी हीच त्यांची खोली होती, आणि चारही भिंतींना फळ्या ठोकलेल्या. टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा पन्नास माणसांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर दर आठवड्याला जात होते.

तर पैशांचं. अंगठी नको. गुंजभर सोनं ती घालणार नाही, आणि कुठल्या तरी मुलीच्या लग्नात तिच्याच बोटात चढवून मोकळी होईल. रोख दे, पण रोख म्हणजे पाकीट नव्हे. तिच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात, आणि तू तिच्याशेजारी बसून पासबुकावर नोंद करून घेशील अशी. ती भावाकडे चालली आहे. भाऊ-भावजय चांगलेच असतील. पण रिकाम्या हातानं माहेरी परतलेली बहीण आणि महिन्याचं काही येणारी बहीण यांना त्याच घरात वेगवेगळी चूल दिसते, हे कुणाही बाईला ठाऊक आहे. म्हणून त्या ६२ हजारांतले काही औषधपाण्यासाठी हाताशी ठेवून बाकीचे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाकायचे का, हे तिलाच विचारा. व्याज मोठं होणार नाही, पण दर महिन्याला स्वतःच्या नावानं काहीतरी येत राहील. त्याहून एक सोपी गोष्ट आहे. तुमच्यातल्या वीसजणींनी महिन्याला दोनशे रुपये दिले तरी चार हजार होतात. पण ‘आयुष्यभर देऊ’ असं सांगू नका. आधी एक वर्षाचं बोला, बँकेत परस्पर वळतं होईल अशी व्यवस्था करा, आणि आठवण करून द्यायला एकजण नेमा. सुरू होऊन चौथ्या महिन्यात बंद पडलेली मदत ही न मिळालेल्या मदतीपेक्षा जास्त लागते. ज्या मुलीची आज ओढाताण आहे तिला या यादीत ओढू नका. तिनं महिन्यातून एक फोन केला तरी तिचा वाटा झाला.

कार्यक्रम संस्थेच्या वर्धापनदिनात मिसळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांचं नाव, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात किंवा इतर माध्यमांत देता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पत्रकारांसमोर आत्ताच्या चार मुलींना उभं करणं म्हणजे हाच धोका. कायदा बाजूला ठेवला तरी, दहा वर्षांच्या पोरीनं माईक धरून देणगीदारांसमोर ‘मला कुणी नव्हतं, मावशीनं सांभाळलं’ असं म्हणायचं, यात सत्कार कुणाचा होतो? आणि तुमच्यातली ती मुलगी, जिनं सासरी सांगितलेलं नाही, तिला तर हे दार बंदच होईल. आपण कुठे वाढलो हे कुणाला, कधी सांगायचं हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. मावशीला भेटायचं तर आधी जगापुढे ओळख दे, अशी अट तिच्यावर यायला नको. विश्वस्तांना त्यांचा कार्यक्रम करू दे, शाल घालू दे, तुम्ही पाहुण्या म्हणून जा किंवा जाऊ नका.

तुमचा रविवार वेगळा. कुणाच्या तरी घरी, फक्त तुम्ही आणि ती. बाहेरून जेवण मागवू नका, तुम्हीच करा. ती स्वस्थ बसणार नाही, म्हणून तिच्यापुढे कोथिंबिरीची जुडी निवडायला ठेवा. आणि पहिलं पान तिचं. तव्यावरून उतरलेली पोळी, वाफ जायच्या आत, तिच्या पानात. चोवीस वर्षांत तिनं अशी पोळी किती वेळा खाल्ली असेल, याचा हिशेब तुम्हीच मनात करा.

आणि मानपत्र कराच. माझी त्या काचेच्या चौकटीवर तक्रार आहे, कागदावर नाही. फक्त त्यात ‘अनाथांची माय’, ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’ असलं काही नको. हे शब्द कुणालाही चिकटतात. तुमच्या कागदावर चादर असू दे. प्रत्येकीनं एकच प्रसंग लिहायचा, चार ओळींत: कुणाची उवांची लिख काढताना ती गोष्ट सांगायची, कुणाला दहावीच्या गणिताच्या पेपराला तिनं स्वतःचं घड्याळ दिलं, असं जे खरं घडलं ते. साध्या शाळेच्या वहीत, ट्रंकेत मावेल अशा. तिला वाचायला जड जात असेल तर एकजण वाचून दाखवा, आणि तेच मोबाइलवर आवाजात नोंदवून तिच्या फोनमध्ये ठेवा. पहिल्या पानावर तिचं नाव घाला. पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं तिला हवं ते, आडनावासकट. पत्रात तू ते गाळलंस, ते योग्यच केलंस, पण तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे ना? महाराष्ट्रात १८६३ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हापासून नाही-रे मुलांना आसरा देणाऱ्या कितीतरी संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्या दिवाणखान्यात संस्थापकांच्या तसबिरी असतात. रात्री उठणाऱ्या बायका मात्र मावशी, आत्या, काकू म्हणूनच येतात आणि तशाच जातात.

तुझ्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. आत्ता तिथे असलेल्या मुली. तुम्ही मोठ्या झालात, तुम्हाला निरोप कळतो. सात वर्षांच्या मुलीला एवढंच कळतं की आणखी एक माणूस गेलं. त्यांच्यापैकी बहुतेकींना आधी कुणीतरी न सांगता सोडून गेलेलं आहे. म्हणून मावशीचं जाणं त्यांच्यापासून लपवू नका, ‘गावाला गेली, येईल’ असं तर कुणीही सांगू नका. महिनाभर आधी मावशीनं स्वतः सांगावं, गुडघे दुखतात म्हणून जाते आहे, तुमच्या वागण्यामुळे नाही. हे दुसरं वाक्य मुद्दाम, मोठ्यानं. लहान मुलं दोष स्वतःकडे घेतात. कॅलेंडरवर तारीख दाखवावी. तिच्या जागी येणाऱ्या बाईंनी शेवटचे दोन-तीन आठवडे तिच्याबरोबर काम करावं, आणि कोणाला अंधाराची भीती आहे, कोणाची चादर पहाटे बघायची, हे मावशीनं त्यांच्या कानात सांगावं. अधीक्षकांशी यावर बोल. मावशीनं मुलींना ठरलेल्या दिवशी फोन केला तर चालेल का, हेही विचार. तिच्या कामाची खरी कदर यात आहे की तिनं जे जपलं ते ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मोडू नये.

तुझं पत्र छापल्यावर इतरही वाचतील, त्यात वाढदिवसाला बालगृहात जेवण देणारी कुटुंबं असतील, महिन्यातून एकदा शिकवायला जाणारे असतील. त्यांना एवढंच सांगते. निवृत्तीची वाट बघू नका. मुलांसाठी पन्नासावा डबल डेकर केक नेण्याऐवजी अधीक्षकांना विचारा, काळजीवाहकांना आठवड्याची सुट्टी मिळते का, आणि मिळत नसेल तर त्या दिवसापुरत्या बदली बाईचा पगार मी वर्षभर देऊ का. मुलांना खाऊ वाटताना स्वयंपाकाच्या बाई आणि रात्रीचे वॉचमन यांनाही नाव घेऊन बोलवा. एकीचं कौतुक करताना तिच्या शेजारी उभी राहिलेली दुसरी मान खाली घालते, हे मी पाहिलं आहे. तुम्हीसुद्धा तुमच्या रविवारी स्वयंपाकाच्या बाईंना बोलवा.

शेवटी तुझ्यापुरतं. गावी गेल्यावर पहिले काही आठवडे मावशीला पहाटे चारला जाग येईल. उठून बसेल, आणि बदलायला चादर नसेल. तू नाइटला असशील तर त्या वेळेला जागीच असशील. राउंड झाला की फोन लाव.